टारमॅकच्या जन्मस्थानी

ज्या समाजाला शब्दाचा उगम ठाऊक असतो, त्याचं वस्तूवाचून अडत नाही. मध्य इंग्लंडमधलं आमचं ऑल्डरविक याचा उत्तम नमुना आहे.

‘टारमॅक’ या शब्दाचा अर्थ आमच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. मॅकॲडम या स्कॉटिश गृहस्थांनी खडी दाबून रस्ते करायची रीत घातली, म्हणून ‘मॅक’. पुढे कोणीतरी त्यावर ‘टार’ म्हणजे डांबर ओतलं. (खुद्द मॅकॲडमसाहेबांनी डांबराला बोटही लावलं नव्हतं. नाव व्हायला ते लागत नाही.) गाडीवरून पिंप पडलं आणि डांबर चुकून सांडलं, अशी दंतकथा आहे. ते पिंप आमच्या चर्चच्या गल्लीत पडलं, असा गावच्या टारमॅक स्मृती समितीचा ठराव आहे. शेजारचं कॉक्सली म्हणतं, आमच्याकडे पडलं. पण ते लोक कपात चहाच्या आधी दूध ओततात, त्यांचं काय ऐकायचं.

याच गल्लीत हेस्टरबाई ओल्डक्रॉफ्ट आणि त्यांचा नवरा वॉल्टर राहत. वॉल्टर चाकाच्या खुर्चीत. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा त्याला कोपऱ्यावर इस्पितळाची गाडी गाठावी लागे, आणि दारासमोरच खड्डा. काउन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस मोजपट्टी घेऊन आला. खोली अडतीस मिलिमीटर भरली. नियमानुसार चाळिसाच्या आत खड्डा नसतो, ‘खोलगटपणा’ असतो.

हिवाळ्यात तो सत्तर मिलिमीटर झाला. दुर्दैवाने तळाशी जुना काळा थर दिसला. समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक पेनफोल्ड, गुडघ्यावर बसून सद्गदित झाले.

“बाई, हा खड्डा नाही, पुरावा आहे.”

“तुमच्या पुराव्यात माझ्या नवऱ्याचं चाक अडकतं, मिस्टर पेनफोल्ड.”

“अहो, इतिहासात चाक अडकायचं भाग्य किती जणांना लाभतं?”

“भाग्य राहू द्या. दोन घमेली डांबर टाका.”

“नवं डांबर? मूळ डांबरावर?” पेनफोल्ड खरोखर दुखावले.

मग ऐतिहासिक स्थळांना लावतात तो निळा फलक लागला आणि खड्ड्याभोवती कठडा आला. कठड्यानंतर वाट उरली साठ सेंटिमीटर, खुर्ची सहासष्टची. फलकावर ‘टारमॅक’चं पहिलं अक्षर मोठं असावं का, यावर तीन सभा झाल्या. वाटेवर एकही झाली नाही. वर्षभरात अकरा जण स्थळ बघून गेले (पैकी चार रस्ता चुकलेले).

शेजारी वॉल्टरला खुर्चीसकट उचलून नेत, कंबर शाबूत होती तोवर. गाडी पंधरा मिनिटं थांबते, त्यापुढे नाही. जानेवारीत त्याच्या पाच खेपा चुकल्या. फेब्रुवारीत तो गेला. शवपेटी चौघांनी खांद्यावरून कठड्याच्या वरून नेली. पेनफोल्डांनी हॅट काढली, फलकाकडे तोंड करून.

“आता भरा नाहीतर नका भरू,” हेस्टरबाई एवढंच म्हणाल्या.

मला लाज वाटते. समितीच्या चहाला मीही जात असे. पण वाचकहो, पिंप नक्की ऑल्डरविकला पडलं की कॉक्सलीला, हे तुम्हालाही विचारायचं असेलच. पेनफोल्डांना लिहा, उलट टपाली चार पानी उत्तर येईल. हेस्टरबाईंच्या सात पत्रांना आलं नाही. त्यांनी फक्त वाट मागितली होती, आणि त्या विषयात, तुमच्यासारखंच, कोणाला फारसं कुतूहल नव्हतं.