एका फळीचं दार

"सूनबाई, हा ओंडका कालव्यात बुडून पडलेला. फळी आतून ओली आहे अजून. वाळताना वाकडी होईल," सासरे म्हणाले होते.

"बाबा, दार आहे ते. रुसून वाकडं व्हायला माणूस थोडंच आहे?" ती म्हणाली होती, आणि स्वतःच्याच विनोदावर हसलीही होती.

घरामागे तिच्या नवऱ्याची लाकूड चिरायची गिरणी होती. वादळात पडलेली झाडं, पाडलेल्या पुलांच्या तुळया, असलं बेवारस कठीण लाकूड तो ओढून आणायचा आणि चौघांना मिळून उचलाव्या लागतील अशा जाडजूड फळ्या काढायचा. करवतीच्या घरघरीत बाळ खुशाल झोपायचं. त्याची झोप मोडायची ती आजोबांच्या रेडिओने. जन्मभर करवतीशेजारी उभं राहून सासऱ्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्यांच्या बातम्या अख्ख्या गल्लीला फुकट मिळत. वर खोकला. बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे दिवसातून कितीदा तरी बघणारी ती, तिला प्रत्येक खोकल्यात एक नवा आजार ऐकू यायचा.

म्हणून तिने हट्ट धरला आणि नवऱ्याने सासऱ्यांच्या खोलीला एका अखंड फळीचं दार बसवलं. चार बोटं जाड. रेडिओ गप्प, खोकला गप्प. खोलीच्या एकुलत्या एका गजांच्या खिडकीबाहेर नवऱ्याने आधीच फळ्यांची थप्पी वाळत रचली होती, त्यामुळे तिकडूनही आवाज यायची सोय उरली नव्हती. तिला तर हायसंच वाटलं.

मग दार खालून घासायला लागलं. पुढे खांदा लावल्याशिवाय उघडेना, म्हणून सासरे ते उघडंच ठेवायला लागले आणि रेडिओ पुन्हा घरभर झाला. "रविवारी रंधा मारतो," नवरा म्हणाला. रविवार आला तसा गेला.

एका रात्री जेवताना तिने पुन्हा रेडिओचा विषय काढला. सासरे पानावरून उठले. "माझा आवाज नको ना कुणाला? बरं!" असं म्हणून त्यांनी आत जाऊन दार असं आदळलं, की भिंत हादरली आणि बाळ दचकून रडायला लागलं.

सकाळी गिरणीची घरघर सुरू झाली तरी सासरे बाहेर आले नाहीत. तिने दारावर टकटक केली, चहा उंबऱ्याशी ठेवला. चहावर साय धरली.

"अरे, बाबांनी चहा घेतला नाही."

"रुसलेत. मी लहानपणापासून बघतोय. भूक लागली की येतील."

दुपारी तिने ताट ठेवलं. ताटाला मुंग्या लागल्या. "हट्टी तरी किती!" ती पुटपुटली, आणि बाळाशेजारी आडवी झाली. किती छान शांतता होती.

उन्हं कलली तेव्हा तिला ती शांतता टोचायला लागली. तिने दाराला कान लावला. काहीच नाही. पण काही ऐकू येऊ नये, म्हणूनच तर ते दार होतं. तिने धक्का दिला. दार हललं नाही.

"बाबा, कडी काढा हो! झालं ना आता!"

मग ती गिरणीत धावली. "अरे, त्यांनी आतून कडी लावून घेतलीय!"

नवऱ्याने करवत बंद केली. त्याचा चेहरा बदलला. "कडी? अगं, कडी बसवलीच नाही मी अजून."

त्याने झाडं कापायची साखळीची करवत आणून दाराला लावली. ठिणग्या उडाल्या, साखळी तुटून भिंतीवर आदळली. झाडात कोणी तरी कधी काळी ठोकलेला खिळा नेमका तिथेच निघाला. एरवी ओंडक्यातलं लोखंड शोधायचं काम सासऱ्यांचं. या फळीवर मात्र रागाने त्यांनी हातही फिरवला नव्हता.

"खिडकी!" ती ओरडली.

गिरणीतली माणसं थप्पी उपसू लागली. एकेक फळी उतरत होती आणि तिला एकेक गोष्ट आठवत होती. बाळाचा श्वास तिने दिवसभर तपासला होता. उन्हं कलेपर्यंत दाराला हात मात्र एकदाच लावला होता, तोही टकटक करायला, आणि तेही बहिऱ्या माणसासाठी.

वरच्या फळ्या निघाल्या, तसा खोलीत उजेड शिरला. सासरे पलंगावर ताठ बसले होते. धुतलेला सदरा, पायाशी सामान भरून ठेवलेली पिशवी, हाताच्या बोटांची सालं निघालेली.

"संपली का शिक्षा?" त्यांनी विचारलं.



ते पुढे म्हणाले, "सकाळी खूप दार बडवलं. मग म्हटलं, कोंडलंय तर कोंडलंय. आणि खिडकी तर तुम्ही आधीच बुजवलेली."

"बाबा, दार अडकलंय हो! आम्हाला वाटलं तुम्ही रुसलात!" ती गजांना धरून रडायला लागली. "दुपारी तरी हाका मारायच्या!"

"दुपारी कशा मारणार?" ते म्हणाले. "बाळ झोपलेलं असतं ना."

ते दार आता गिरणीत आडवं पडलंय, त्याच्यावर दगड ठेवलेत, तरी ते वाकडंच आहे. खोलीला पडदा आहे. रेडिओ गल्लीला बातम्या सांगतो, बाळ रडतं, आणि खोकला थांबला की ती हातातलं काम टाकून पडद्याआड डोकावते. भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, तुम्हालाही सांगतेय: तुमच्या घरात कोणी रुसून आत बसलं असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि ते दार एकदा ढकलून बघा. माणूस रुसलाय की लाकूड, ते बाहेरून कळत नाही.