कांबळेकाकांचं हंगामी वाचन

आमच्या सोसायटीतल्या कांबळेकाकांनी एक कादंबरी पान एकशे बारावर साडेसहा महिने थांबवून ठेवली होती. त्या पानावर पळस फुलला होता आणि कांदिवलीत अजून फुलला नव्हता.

मला हे माहीत आहे, कारण सोसायटीच्या वाचनालयाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक स्टीलचं कपाट. रविवारी दहा ते बारा, एका वेळी एक पुस्तक, मुदत पंधरा दिवस. हे नियम मी स्वतः टाइप करून कपाटावर चिकटवलेत. त्यात हंगामाचा उल्लेख नाही.

"काका, पुस्तक परत करा. नाईकबाई वाट बघतायत."

"हंगाम नाही, ताई."

"कसला हंगाम? सप्टेंबर चालू आहे."

"तेच म्हणतो मी. पळसाचं पान पळसाखाली वाचायचं. नाहीतर लेखक खरं बोलतो की थापा मारतो, कळणार कसं?"

नाईकबाई तळमजल्यावर राहतात आणि अडलेली गोष्ट त्यांना सहन होत नाही. "अहो, निदान त्या पोरीचं लग्न कुणाशी झालं तेवढं तरी सांगा!"

"मला काय ठाऊक? मी पळसावर अडकलोय ना."

फेब्रुवारीच्या शेवटी डोंगराच्या बाजूचा पळस फुलला. काका घडीची खुर्ची घेऊन गेले, एकशे बारावं पान वाचून आले आणि पुढच्या रविवारी पुस्तक परत केलं. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलंय : 'पळसामुळे उशीर.'

काकांनी पुस्तकात पेन्सिल वापरू नये, हा नियम मी नंतर वाढवला. एका प्रेमकथेत नायक-नायिका डिसेंबरात पहिल्यांदा भेटतात आणि मागे कोकिळा गाते. समासात काकांचं अक्षर : 'डिसेंबरात गप्प असते. शिवाय गातो तो नर. नायकाचे कान तपासा.' मी रबर घेऊन बसले, तर नाईकबाई म्हणाल्या, "राहू दे गं. पुस्तकापेक्षा हेच बरं आहे."

काका मूळचे जालन्याकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि टेलिफोनच्या लाइनवर लागले. खांबावर चढायचं, डबा उघडायचा, वायर जोडायची. पक्ष्यांशी त्यांचा संबंध खांबावर बसणाऱ्या आणि डोक्यावर घाण करणाऱ्यांपुरताच होता. "आमच्याकडे काय, सगळी पाखरंच. मोठं पाखरू, बारकं पाखरू आणि कोंबडी."

मग टेलिफोन ऑफिसच्या अडगळीत त्यांना पक्ष्यांचं एक फाटकं पुस्तक सापडलं. कव्हर नाही, पहिली चाळीस पानं नाहीत. ते कुणी लिहिलं हे काकांना आजतागायत माहीत नाही. पकडीशेजारी पिशवीत टाकून ते खांबावर चढले. "वर बसून पान उघडलं आणि समोर बघितलं, तर तारेवर तेच. हुबेहूब! छापलेलं खरं निघतं, हे मला त्या दिवशी कळलं, ताई." तेव्हापासून काका प्रत्येक छापील ओळ जागेवर जाऊन तपासतात.

पुढे एका डब्यात बुलबुलने घरटं केलं. काकांनी तो डबा उघडला नाही. एका अख्ख्या गल्लीचे फोन एकोणीस दिवस बंद. लोकांनी विचारलं की काका सांगत, "काम चालू आहे." काम बुलबुलचं चालू होतं. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, तर काकांनी एका ओळीत दिला : 'पिल्लं उडाल्यावर जोडणी होईल.' त्याबद्दल मिळालेला मेमो ते अजून पाहुण्यांना दाखवतात. लोक मुलांची बक्षिसं दाखवतात तसा.

तर असे हे काका दर शनिवारी पाच वाजता सोसायटीच्या बागेत बहाव्याखाली मुलांना पुस्तक वाचून दाखवतात. चार ओळी झाल्या की ओरडतात, "वर बघा रे! मोबाइलात नाही, वर!" मुलं वर बघतात. एकदा अध्यक्षही बघत होते आणि त्यांच्या चष्म्यावर कावळ्याने मत नोंदवलं. काका खूश. म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

गेल्या मार्चमध्ये मी कपाटातली पुस्तकं मोजायला घेतली. रजिस्टरशी पडताळताना दिसलं की काकांनी नेलेली शेवटची नऊच्या नऊ पुस्तकं त्यांनी आधीही नेलेली होती. नवीन पुस्तक आलं की कव्हर घालायच्या आत उचलणारा हा माणूस. पाच नवी पुस्तकं महिनोन्‌महिने तशीच पडून होती. समासात पेन्सिलही नव्हती. मला वाटलेलं, माझा नियम लागू पडला.

शनिवारी एक नवं पुस्तक घेऊन मी बागेत गेले. काकांचं वाचन चालू होतं. मी मागे उभी राहिले. काका थंडीत येणाऱ्या परीट पक्ष्याबद्दल रंगात येऊन वाचत होते : शेपटी कशी हलते, पाऊल कसं टाकतो. मांडीवरच्या उघड्या पानावर सरड्याचं चित्र होतं.

त्यांनी पान उलटलं. पुढे घोरपड होती. परीट चालूच.

मुलं गेल्यावर मी समोर बसले. "काका, कधीपासून?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "वर्ष होईल. मधलं जातंय, ताई. कडेचं दिसतं. तुमच्या साडीचा काठ दिसतो, तोंड पुसल्यासारखं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आहे ते टिकवू म्हणतात. गेलेलं येत नाही."

"आणि हे वाचन?"

"पाठ आहे ना. तरुणपणी खांबावर बसून दुसरं केलं काय? पण पाठ असलेलं संपत आलंय. मोजलंय मी. अजून सहा शनिवार पुरेल." मग म्हणाले, "मुलगा बंगळूरला, ही जाऊन सात वर्षं झाली. आठवडाभर घरात माझाही आवाज नसतो, ताई. शनिवारी असतो."

मला रडारड जमत नाही. मी वेळापत्रक केलं. सोमवार, बुधवार, गुरुवार, दुपारी चार ते साडेचार : मी काकांच्या घरी नवीन पुस्तक वाचणार, ते पाठ करणार. पुस्तक एका वनरक्षकाच्या आठवणींचं होतं.

पहिल्याच दिवशी काकांनी हात वर केला. "ताई, तुम्ही वार्षिक सभेचा अहवाल वाचताय. हे जंगल आहे. कुणाला ठराव मंजूर करायचा नाहीये."

मी स्वल्पविरामाला थांबायला शिकले. काका पाठ करत गेले. मागचे दोन शनिवार नव्या पुस्तकावर निघाले. मी वेळापत्रकात खूण केली आणि खरं सांगायचं तर वेग वाढवला.

गेल्या गुरुवारी घरी प्लंबर यायचा होता. मी भराभर वाचत होते. पाच मिनिटं झाली आणि काका म्हणाले, "थांबा. हा पलीकडे कसा गेला?"

"कोण?"

"वनरक्षक. नदीला पूर होता. काल तुम्हीच वाचलंत. आज तो पलीकडच्या गावात चहा पितोय."

"गेला असेल."

"कसा?"

मी पुस्तक खाली ठेवलं. "काका, मधली दोन पानं मी गाळली. त्यात काही होत नाही हो. नुसता काठावर बसलाय."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. काका रागावले नाहीत. पुस्तक जिथे होतं त्याच्या जरा बाजूला बघत म्हणाले, "पूर्वी तुम्ही गेल्यावर मी स्वतः उघडून बघितलं असतं. आता ती दोन पानं मी कुठून आणू, ताई?"

फोन वाजत होता. प्लंबर दारात आला असणार. मी फोन बंद केला आणि दोन पानं मागे गेले.

त्यात खरंच काही होत नाही. नदी फुगलेली आहे, एक माणूस दगडावर बसलाय, पाण्यातून एक फांदी वाहत जाते. मी प्रत्येक शब्द वाचला. काका म्हणाले, "परत." मी परत वाचलं. "अजून एकदा. बसत आलंय."

तिसऱ्या वेळी मी 'पाणी उतरेपर्यंत बसायचं होतं' एवढं वाचून दम घेतला. पुढचा शब्द काकांनीच म्हटला.

"बसलो."