अटा लार्ये कान तपासतात

शनिवारी दुपारी अटा लार्येंनी आपले कान घरच्या घरी तपासून घ्यायचं ठरवलं. बस, एवढंच. दुसऱ्याचं काही वाकडं करायचं त्यांच्या मनात नव्हतं. (आंटी कोर्कोईचं करायचं होतं, पण ते वेगळं.)

कान तपासायची वेळ का आली, तर त्याला जबाबदार एकच. टेमाच्या बंदरावर अटांनी अठ्ठावीस वर्षं कंटेनर मोजले. लोखंडावर लोखंड आदळतं तिथे, पण कान शाबूत राहिले. टेशीतल्या घरी मात्र भिंतीला भिंत लावून आंटी कोर्कोईचा स्पॉट. बिअर, तळलेले मासे आणि कपाटाएवढा स्पीकर. शुक्रवारी संध्याकाळी तो सुरू झाला की अटांच्या फडताळातल्या बश्या आपोआप जागा बदलत. अटांचे वडील साठीला ठार बहिरे झाले होते. अटांना छप्पन्न लागलेलं. अलीकडे रोज संध्याकाळी कानात डासासारखं काहीतरी गुणगुणायचं. बायको शोर्मे म्हणायची, "डेडेचे बाबा, तो डासच आहे." पण अटांना झोप कुठली!

मग त्यांनी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि स्पॉटच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"सत्त्याण्णव!" अटा गरजले. "कायदा काय सांगतो माहीत आहे का, आंटी?"

"सत्त्याण्णव? मग शंभर करूनच टाकते की. गिऱ्हाइकाला पुरा हिशेब आवडतो."

आंटी मनानं वाईट नाही हो. आठवडाभरानं तिनंच तोडगा काढला. अटांचा फोन हातात घेतला, आपल्या स्पीकरला जोडून दिला आणि म्हणाली, "घ्या. आजपासून आवाज तुमच्या हातात. जास्त वाटला की घरबसल्या कमी करा."

अटांनी कमी केला. इतका कमी केला की गिऱ्हाइकांना वाटलं कुणीतरी वारलं, आणि दोघं टोप्या काढून उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी आंटीनं पुन्हा आपला फोन लावला. झाला तोडगा! पण फोन आणि स्पीकर यांची एकदा ओळख झाली की झाली. ती माणसांसारखी रुसव्याफुगव्यानं तुटत नाही. हे अटांना कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिना उजाडला आणि टेशीत वाद्यबंदी लागली. पुजाऱ्यांनी मका पेरला, आता महिनाभर ढोल नाही, स्पीकर नाही. चर्चमध्येसुद्धा नुसत्या टाळ्या, त्याही बेतानं. देवांना शांतता हवी असते. अटांनाही हवी असते, त्यामुळे या महिन्यात ते स्वतःला देवांच्या बरोबरीचे समजत. एरवी रविवार न चुकवणारा हा पक्का मेथॉडिस्ट मे महिन्यात पुजाऱ्यांना वाटेत थांबवून नमस्कार घाली!

आणि अशात गुरुवारी आंटीनं फुटबॉलची मॅच लावली. हळू आवाजात, पण लावली. अटांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक राजवाड्यावर गेले. तिथे बंदी पाळली जाते की नाही हे बघणारं पथक असतं, त्याचा म्होरक्या नी ओकाय नावाचा माणूस.

"देवांचा अपमान!" अटा म्हणाले. "माझ्या कानांचं सोडा, मी सहन करीन. पण मक्यानं का सहन करावं?"

"शनिवारी दुपारी येतो," नी ओकाय म्हणाला. "वाजताना सापडलं तर स्पीकर उचलणार, आणि वाजवणाऱ्याकडून दंड."

"या, या. मी स्वतः बोट दाखवतो."

तर असा तो शनिवार. सकाळपासून लाइट गेलेली. आंटी स्पॉटला कुलूप लावून बर्फ आणायला गेलेली. शोर्मे कोपऱ्यावर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणायला. पथक येईपर्यंत करायचं काय? डेडेनं, म्हणजे टोरांटोला नर्स असलेल्या लेकीनं, बापाला कानात घालायची पांढरी बोंडं पाठवली होती. ती घातली की फोनचा आवाज थेट कानात येतो, बाहेरचा आत येत नाही. शिवाय कान तपासायचं अ‍ॅपही तिनंच टाकून दिलं होतं. अ‍ॅपची एकच अट होती: खोली अगदी शांत हवी.

अटांसारख्या माणसाला शांतता सांगितली की तो कसर ठेवत नाही. दार लावलं, खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला. कानात बोंडं घातली. वर बंदरावरचे, कान झाकायचे जाड पिवळे कप चढवले, जे घातल्यावर क्रेन कोसळली तरी चिमणी बसल्यासारखी वाटते. मग खुर्चीवर ताठ बसून त्यांनी बटण दाबलं.

नेमकी त्याच मिनिटाला लाइट आली. भिंतीपलीकडे आंटीच्या कुलूपबंद स्पॉटमध्ये कपाटाएवढा स्पीकर जागा झाला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि जवळच जुन्या ओळखीचा फोन दिसताच धावत जाऊन गळाभेट घेतली. बोंडं बिचारी रिकामी राहिली.

पडद्यावर अक्षरं आली: आवाज ऐकू आला की बटण दाबा. डावा कान.

अटा थांबले. काही नाही.

आवाज वाढवत आहोत, अशी अक्षरं आली. काही नाही. आणखी वाढवत आहोत. अटांच्या कपाळावर घाम आला. छातीत धाडधाड व्हायला लागलं. समोरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. "हात कापतोय माझा," ते स्वतःशी म्हणाले. (हात मांडीवर होता.)

बाहेर गल्लीत काय चाललं होतं ते सांगायला हवं. वाद्यबंदीच्या महिन्यात, भर दुपारी, एका गोड आवाजाच्या बाईनं अख्ख्या टेशीला हुकूम सोडला होता, "आवाज ऐकू आला की बटण दाबा. डावा कान." आणि मागोमाग टूँऽऽऽ! घराघरातून माणसं बाहेर आली. शेळ्या पळाल्या. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या मेन्सानं हात वर करून सांगितलं, "आला! मला आला!" त्याच्या शेजारणीला उजव्या कानानं जास्त चांगला आला. पाच मिनिटांत सगळी गल्ली हात वर करकरून परीक्षा पास होत होती.

नापास होत होता तो एकटा खोलीत बसून रडत होता. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आता शोर्मेचा आवाज कधी ऐकू येणार नाही. डेडेचा फोन आला तर नुसतं बघत बसायचं. आणि हे सगळं कुणामुळे? त्या बाईमुळे! अटा डोळे पुसून ताडकन उठले आणि पिवळ्या कपांसकट, फोन हातात धरून बाहेर पडले.

समोर पथक. लाल फडकी बांधलेली सहा माणसं. देव जागेवर आहे, अटांना वाटलं.

"पकडा तिला!" ते किंचाळले. "हीच ती जागा! माझे कान खाल्ले हिनं!"

"अटा, वाजवतंय कोण?" नी ओकायनं विचारलं.

अटांना त्याचे नुसते ओठ हललेले दिसले. "होय, रोज वाजवते!"

"आत्ता कोण वाजवतंय?"

"गुरुवारी पण वाजवलं!"

एवढ्यात आंटी कोर्कोई टॅक्सीतून उतरली. बर्फाची लादी तशीच टाकून ती धावली. "अगं बाई! कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे, फोन माझा हा बघा, बंद! माझ्या स्पीकरमध्ये ही कोण बया शिरली?"

"उजवा कान," बया म्हणाली. टूँऽऽऽ!

शोर्मे केंकीची पिशवी घेऊन गर्दीतून वाट काढत आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यावरचे पिवळे कप उचलले, मग एकेक बोंड उपटलं.

आवाज अटांवर भिंतीसारखा कोसळला. क्षणभर ते आनंदानं वेडे झाले. "ऐकू येतंय! शोर्मे, मला ऐकू येतंय!"

"मलाही येतंय," शोर्मे म्हणाली. "तुमच्या फोनमधून येतंय."

सगळी गल्ली फोनकडे बघायला लागली. अटांनी घाईनं बटण शोधलं, पण गोड बाईंचं अजून संपलं नव्हतं.

"तपासणी पूर्ण," तिनं समुद्रापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "चाळीसपैकी आपल्याला शून्य आवाज ऐकू आले. कृपया घरातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन लवकर डॉक्टरांना भेटा."

मग काय ती शांतता पसरली! मका सुखावला असेल.

"हे बघा," अटा म्हणाले, "ते माझ्या कानात वाजलंच नाही. स्पीकरमध्ये वाजलं. म्हणून मला ऐकू आलं नाही."

"अटा," आंटी कोर्कोई हळुवारपणे म्हणाली, "अख्ख्या टेशीला ऐकू आलं. तुम्हालाच नाही आलं."

नी ओकायनं स्पीकर उचलून नेला. दंड वाजवणाऱ्याला, म्हणजे अटांना. जिनच्या दोन बाटल्या त्यांनी स्वतः पुजाऱ्यांपुढे नेऊन ठेवल्या आणि मक्याची माफी मागितली. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. आवाज झाला होता, दंड भरला.

खरा अन्याय सोमवारपासून सुरू झाला. अटा पाव आणायला निघाले तर पाववाली टोपली खाली ठेवून त्यांच्या कानापाशी आली आणि ओरडली, "अटाऽऽ! झोप लागली काऽऽ?" म्हातारा मेन्सा रस्त्याच्या पलीकडून दोन्ही हातांचा कर्णा करून रोज हवामान सांगायला लागला. चर्चमध्ये पास्टरनं त्यांच्या कानांसाठी प्रार्थना केली, त्यांना पुढच्या बाकावर बसवून, आणि त्यांना कळावी म्हणून तीनदा. आंटी तर दिवसातून चारदा भिंतीवर लाटणं आपटून विचारी, "बरंय नाऽऽ?" भांडण साफ विसरली होती बिचारी.

अटा मोठ्या दवाखान्यात जाऊन कान तपासून आले. कान उत्तम, असा कागद आणला आणि चौकात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यांनी प्रेमानं माना डोलावल्या.

"डॉक्टर लोक धीर द्यायला लिहितात असं," पाववाली मेन्साला म्हणाली.

"आणि बघ ना, किती मोठ्यानं वाचतोय," मेन्सा म्हणाला. "बहिऱ्यांना आपला आवाज कळत नाही."

हे सगळं अटांना स्वच्छ ऐकू आलं.

शेवटी दोन आठवड्यांनी, गुरुवारी, लाल फडकीवाले पुन्हा गल्लीत शिरले. बंदी अजून उठली नव्हती, आणि या गल्लीत सकाळ-संध्याकाळ भयंकर आरडाओरडा चालतो अशी तक्रार राजवाड्यावर गेली होती. नी ओकाय सरळ अटांच्या दारात आला. अटांचा जीव भांड्यात पडला. कायद्याचा माणूस आला, आता तरी कुणी हळू बोलेल.

नी ओकायनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, खाली वाकला, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि फुफ्फुसं भरून घेतली.

"अटाऽऽऽ! तुमच्या गल्लीत फार आवाज होतो म्हणेऽऽऽ! तुम्हाला काही ऐकू आलं काऽऽऽ?"