शिवण्णांचे जपून ठेवलेले कान

भिंतीवर नाटकाची जाहिरात लागली की आमच्या गल्लीतले शिवण्णा कानात कापूस घालायचे. प्रयोगाला अजून महिना असायचा, पण यांचे कान त्या दिवसापासून बंद. कुणी खुणेनं विचारलं, काय झालं, कान फुटला का, तर आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, "शिल्लक टाकतोय."

म्हणजे ऐकू येण्याची शिल्लक. त्यांचं म्हणणं असं, की देवानं माणसाला मोजून ऐकायला दिलंय. "भाजीवाल्याचं वराडणं ऐकून कशाला खर्च करू? म्हैनाभर वापरलं न्हाईत तर तीन तास कान ऱ्हातील की चांगलं." यावर काय बोलणार? आणि बोललं तरी त्यांना ऐकू कुठं येणार, कानात कापूस.

कापूस म्हणते मी, पण मेडिकलमधला पैशाचा कापूस नव्हे. शिवण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग नीट करणारे. वीस-बावीस वर्षं झाली, मागांच्या खडखडाटात. तिथलं टाकाऊ सूत चुरगाळून कानात कोंबायचे. एकदा लाल सुताचा बोळा घातला आणि आमच्या दारावरून गेले. आई धुणं वाळत घालत होती. तिला वाटलं कानातून रक्त येतंय. तिनं पिळलेलं लुगडं टाकलं आणि खालीच बसली. शिवण्णा तिला म्हणतात, "काय वैनी, चक्कर आली का? ऊन लई हाय."

आणि गंमत ऐका. बोळा खरा घालायचा तो कारखान्यात, तर तिथं काढून ठेवायचे. माग कुठं अडखळतोय ते आवाजावरनं कळतं म्हणे. कान जाणार ते तिथं जाणार, आणि जपायचे कुठं, तर रस्त्यावर. मागून टांगा आला तरी कळायचं नाही. एकदा मी टायपिंगच्या क्लासवरून येत होते, डोळ्यांदेखत घोड्याचं तोंड यांच्या खांद्यावर. मी बेंबीच्या देठापासून ओरडले. टांगेवाल्यानं लगाम खेचला, शिव्या घातल्या. शिवण्णा शांतपणे वळले, घोड्याकडे बघून म्हणाले, "मला मागं डोळं न्हाईत. ह्येला म्होरं हायत की."

हे सगळं ज्या नाटकासाठी चालायचं ते नाटक म्हणजे 'संगीत नीलकंकण'. आम्ही सगळेच त्याचे वेडे. आमचा अड्डा रशीदचाचांच्या शिलाईच्या दुकानाच्या ओट्यावर. आमची खोली दुकानाच्या वर. आई चाचांची काज-बटणं करते, ती पोचवायला मी जाते आणि तिथंच बसते. आई वरून हाका मारून दमते. मी, चाचा, कुलकर्णी सर आणि शिवण्णा. विषय एकच.

सर म्हणणार, "पहिल्या संचातला राजा तो राजा. आताचा म्हणजे बँकेतला कारकून वाटतो." चाचांचं लक्ष कपड्यांवर. "दूसरे अंक में उसका अंगरखा पीछे से उसवेला था, साब. मेरेकु तो गानाच नै सुनाई दिया, वो टाकाच दिख रहा था." माझं आवडतं म्हणजे दुसऱ्या अंकातलं भांडणाचं पद, त्यावर सर मला म्हणायचे, तुझं वयच भांडणाचं आहे. आणि शिवण्णा? त्यांच्या लेखी नाटकात एकच पद. तिसऱ्या अंकातलं, बंदिखान्यातलं. "बाकी समदं त्येची वाट बघायला ठिवलंय."

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. राजा कैदेत दमून झोपलेला असतो. राणी चोरून येते. बाहेर पहारेकरी उभा. त्याला कळता कामा नये, राजाही जागा होता कामा नये, पण हिला त्याचा निरोप घ्यायचाय. म्हणून ती त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणते, अगदी बारीक आवाजात. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. राणीचं काम करणाऱ्या कुमुदबाई ते पद म्हणायच्या तेव्हा थिएटरच्या दारातला पानवाला पान लावायचा थांबायचा.

शिवण्णा दर वर्षी त्या पदावर कान तपासायचे. पद ऐकू आलं की वर्ष निभावलं. बाहेर येऊन म्हणायचे, "बारीक हाय, पन हाय." मग हे त्यांच्या तोंडातच बसलं. नळाला पाणी आलं का? "बारीक हाय, पन हाय." कारखान्यात बोनस? तेच. सरांची मिशी बघूनसुद्धा तेच.

हसायला येतं ना? मलाही यायचं. पण एकदा ओट्यावर ते मला म्हणाले होते, आणि त्यानंतर मला नीटसं हसता आलं नाही. म्हणाले, "यव्वा, पोरी, माझा बा मागावरच भैरा झाला. भैऱ्या माणसाशी लोक आदी मोठ्यांदा बोलत्यात. मग खुणा करत्यात. मग बोलतच न्हाईत. बा शेवटी शेवटी कुनी बी आलं की नुस्ता हसायचा. कोन काय बोललं कळंना, मग हसायचं. मला त्येची लई भीती वाटतीय. मरायची न्हाय वाटत. तसं हसायची वाटतीय."

भाऊ-भावजय वळसंगला शेतावर, हे इथं एका खोलीत एकटे. लग्न झालेलं नाही. बोलायला आम्हीच.

यंदा जाहिरात लागली आणि शिवण्णांची भीती जरा जास्तच वाढली. येताजाता परीक्षा. माझं घड्याळ कानाला लावून बघ, कबुतर उडालं तर ते ऐकू आलं का बघ. एक दिवस चाचांना म्हणाले, "सुई टाक खाली. मी पाठ करून बसतो."

चाचा म्हणाले, "मेरी सुई गुमी तो तू ढूंडके देताय क्या?" तरी त्यांनी सुई धरली. शिवण्णांनी कानातले बोळे काढले, भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं शिवण्णा म्हणाले, "पडली. ऐकलं मी."

सुई चाचांच्या बोटातच होती.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी चाचांकडे. चाचांनी हळूच वाकून सुई फरशीवर ठेवली आणि म्हणाले, "बरोबर है मियाँ. आता उचल."

रविवारी दुपारचा प्रयोग. आम्ही चौघं एका रांगेत, शिवण्णा माझ्या शेजारी. दारातच त्यांनी बोळे काढून खिशात घातले. अंगात इस्त्रीचा सदरा, कपाळाला विभूती, आणि हात गार. त्यांनी मला चिवड्याची पुडी दिली तेव्हा लागला.

पहिल्या अंकातच माझ्या लक्षात आलं, कुमुदबाईंचा आवाज खरखरतोय. दुसऱ्या अंकात तर पदं अर्धी-अर्धी करून सोडून दिली. शिवण्णा माझ्याकडे वाकले. "आवाज असा का यायलाय? माजं कान का?"

"नाही अण्णा, बाईंचा घसा बसलाय."

"हं," म्हणाले. त्या 'हं'चा मला अर्थच लागेना.

तिसरा अंक. बंदिखाना. राजा झोपलेला, राणी आली, बसली, कपाळावर हात ठेवला. तोंड उघडलं.

आवाज नाही.

नुसती हवा. बाईंनी परत प्रयत्न केला, परत हवा. आता शिट्ट्या येणार. आमच्या सोलापूरचं पब्लिक कसंय तुम्हाला ठाऊक आहे, पडदा अर्धा मिनिट अडकला तर मागची बाकं डोक्यावर घेतात. पण बाई उठल्या नाहीत. तसंच ओठ हलवत राहिल्या. पदातला शब्द न् शब्द, पण मुक्यानं. हात कपाळावरून फिरतोय, मान तशीच वळतेय, जिथं तान असते तिथं डोळे मिटतायत.

आणि एकही शिट्टी आली नाही. सगळ्या थिएटरला ते पद पाठ होतं हो. जो तो आपापल्या आत म्हणत होता. मी म्हणत होते. पलीकडे चाचांची बोटं गुडघ्यावर चालत होती. वरच्या पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

मग मी शिवण्णांकडे बघितलं.

ते पुढे वाकले होते. दोन्ही तळवे कानांमागे. बाईंच्या ओठांवर डोळे रोखलेले. आजूबाजूला सगळे तल्लीन, कुणाचे डोळे भरलेले. शिवण्णा एकदा डावीकडे बघायचे, एकदा उजवीकडे, परत ओठांकडे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण त्या शांततेत कसं ओरडणार? त्यांचे हात हळूहळू खाली आले. पद संपलं, आणि टाळ्या पडल्या, अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. शिवण्णा लोकांच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. आणि हसले.

बाहेर रसवंतीपाशी मी त्यांना गाठलं. "अण्णा, त्या गायल्याच नाहीत. घसा गेला होता. नुसते ओठ हलवले."

"व्हय?" म्हणाले.

"खरंच. कुणालाच ऐकू आलं नाही."

"मग टाळ्या कशाच्या पडल्या, यव्वा?"

आता हे समजावायचं कसं? सर धावले. "शिवण्णा, विद्येची शपथ. अवाक्षर निघालं नाही बाईंच्या तोंडून." चाचांनी गळ्याला हात लावला, "खुदा कसम मियाँ, कुछ नै गायी."

शिवण्णांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बा भैरा झाला तवा सोमवारी मठात भजन व्हायाचं. त्याला दारात न्हेऊन बसवायचो. बा इचारायचा, का रं, ऐकू ईना? आमी भाऊ-भाऊ मिळून खुणेनं सांगायचो, बाबा, आज भजन झालंच न्हाय." चाचांच्या खांद्यावर थोपटलं. "त्यो घरचाच बा हुता. तुमी तर परकी. लई केलंत."

सर परत शपथ घ्यायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. विद्या जाईल."

उसाचा रस तसाच राहिला. चाचा नि सर थिएटरच्या माणसाला बोलवून आणतो म्हणून परत आत गेले. शिवण्णा काही थांबेनात. मी त्यांच्याबरोबर निघाले. उन्हं उतरली होती, रस्ता भाजत होता. मला भीती अशी, की उद्यापासून हा माणूस ओट्यावर यायचा नाही. खोलीत बसेल. कुणी गेलं तर हसेल.

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "ती दोगं न्हाईत आता. मला सांग. कशी म्हटली?"

"अण्णा..."

"मी कुनाला बोलत न्हाय. तू शेजारी हुतीस. मधी ती डोळं मिटती, तितनं सांग. यंदा तान घेतली का सरळ म्हटलं?"

खरं सांगून झालं होतं, शपथा झाल्या होत्या. माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं.

म्हणून मी सांगितलं. तान घेतली, मी म्हणाले. लांब घेतली, मागल्या खेपेपेक्षा लांब. पहारेकऱ्याची चाहूल लागते तिथं आवाज एकदम आत ओढला. शिवण्णांनी डोळे मिटले. मान हलायला लागली. सांगता सांगता मला रडू यायला लागलं, आवाज फुटेना, नुसतं कुजबुजल्यासारखं येत होतं, तेही रस्त्यावरून सूत लादलेली हातगाडी खडखडत चालली होती त्यात. शेवटची ओळ एकदाच म्हटली, हे सांगताना तर माझं मलाच ऐकू येईना, मी थांबले.

शिवण्णांनी डोळे न उघडता हात वर केला.

"शेवटची ओळ एकदाच म्हटली म्हनतीस? दोनदा म्हनायची असती. नीट आठव."