भोईरकाकांचा रविवारचा समुद्र

समुद्रावर पोचलं की माणसं आधी चपला काढतात. भोईरकाका आधी रक्त काढतात. वाळूत रुमाल पसरायचा, त्यावर साखर मोजायचं यंत्र मांडायचं, बोटाला टोचायचं, आकडा बघून मान हलवायची. मग सुई बदलून ते माझं बोट मागतात.

"मला साखर नाही, काका."

"आज न्हाय. आन बोट."

काका आमच्या दापोड्याच्या गोदामात माल चढवणाऱ्यांचे मुकादम. वय अठ्ठावन्न, अंगानं काडी. मी त्याच गोदामात कॉम्प्युटरवर खोक्यांच्या नोंदी करतो. वयानं त्यांच्यापेक्षा बराच लहान, पोटानं बराच मोठा. सहा दिवस तापलेल्या पत्र्याखाली शिफ्ट केली की सातव्या दिवशी मला फक्त पडून राहायचं असतं. पण यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला काकांना कळलं की माझ्याकडे स्कूटर आहे, आणि माझे रविवार गेले.

पहाटे पाचला ते अंजूरफाट्यावर उभे असायचे, डोक्याला ओला पंचा बांधून. तिथून ट्रकांच्या धुळीतून अर्नाळा. ऊन चढायच्या आत चालून व्हायला हवं, हा त्यांचा नियम. चालायचं ते ओल्या वाळूत, कारण कोरड्या वाळूत गुडघा बिघडतो. मग दहा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात, घड्याळ लावून. मग डबा. डब्यात उकडलेले मूग आणि काकडी. बाजूला कढईत भजी तळली जात असायची, आणि मी मूग चावत असायचो.

"एक प्लेट खाल्ली तर काय होईल, काका?"

"शरीर काय भाड्याचं हाय? मालकानं वापरावं तसं वापर."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोदामात कुणी वाकडं होऊन खोकं उचललं, कुणी तंबाखू मळली, की तेच. पोरं पाठीमागून त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे. परत येताना पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि आपण हवा पालटायला गेलो होतो की जादा ड्युटीला, हेच मला कळायचं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी ठरवलंच होतं, हे शेवटचं. त्या दिवशी काका चालताना मागे पडले. वळून पाहिलं तर वाळूत बसलेले, अंग घामानं निथळलेलं. काहीतरी बोलत होते, पण शब्द जुळत नव्हते. मी त्यांच्याच पिशवीतलं यंत्र काढून त्यांचं बोट टोचलं. बावन्न. साखर पार उतरली होती. मी उसाच्या रसाच्या गाडीवर धावलो आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. आयुष्यभर गोडाला शिव्या देणाऱ्या माणसानं तो रस घटाघट प्यायला.

थोड्या वेळानं भानावर आले. "गोळी घेतली आन निघालो," ते म्हणाले. "खायाचं राहिलं. घाई झाली."

"कसली घाई?"

ते पिशवीतली रिकामी बाटली घेऊन पाण्याकडे निघाले.

त्या दिवशी मी त्यांना फाट्यावर न सोडता थेट घरी नेलं. ते नको नको म्हणत होते. गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. दारात त्यांची बहीण, आणि तिच्यामागे तिशीतली एक बाई, केसांना दोन लाल रिबिनी. ती धावत आली आणि काकांच्या पिशवीत हात घालून शोधू लागली.

"माझी लेक, सुषमा," काका खाली बघत म्हणाले. "वयानं वाढली, बुद्धीनं चार-पाच वर्सांचीच हाय."

पिशवीतून तिनं एक बाटली काढली. काकांची बहीण घमेलं घेऊन आली. सुषमानं बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, पाय बुडवले आणि खुदकन हसली.

"समुद्राचं हाय," काका म्हणाले. "आनलं न्हाय तर जेवत न्हाय."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. कामाच्या दिवशी सुषमाला शेजारीण बघायची. बहिणीला फक्त रविवारी सवड, तेवढी सकाळ काकांना मोकळी. सुषमा उठायच्या आत निघावं लागायचं, नाहीतर ती सोडायची नाही.

"तिलाच का नाही नेत?"

"स्कूटरवर बसायला घाबरते. एकदा यष्टीनं नेली व्हती. लोकं बघाय लागली, ही रडाय लागली. मी एकटा न्हाय पुरा पडलो." मग म्हणाले, "मला काय शंभर वर्सं जगायची हौस न्हाय. हिच्यापेक्षा एक दिवस जास्त मिळाला पायजे, बस."

मी दमलो होतो. पुढच्या रविवारी झोपायचं, हे मनात पक्कं होतं. तरी तोंडातून निघालं, "येत्या रविवारी यष्टीनं जाऊ. तिघं."

गेलो. गाडीत लोकांनी बघितलं, सुषमा रडली. मी एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, तिचा एकेक हात धरून. समुद्र दिसला तशी ती गप्प झाली. घोट्याएवढ्या पाण्यात फतकल मारून बसली, आणि प्रत्येक लाट आली की बापाकडे बघायची. दोन तास उठली नाही. काकांनी यंत्र बाहेरच काढलं नाही. मी भजी आणली, आणि त्यांनी त्यातलं एक तिला भरवलं.

परतीच्या गाडीत भर दुपारचं ऊन होतं. सुषमा दोघांच्या मध्ये बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. केसांत वाळू, अंगाला खारट वास.

"जड व्हतेय का?" काकांनी विचारलं.

"नाही. असू द्या."

थोड्या वेळानं बघतो तर खिडकीला टेकून काकाही झोपले होते, तोंड उघडं टाकून. वाटेतलं कामण गाव मागे पडलं. माझा हात बधिर झाला होता, डोळे मिटत होते. अंजूरफाटा येईपर्यंत कुणीतरी जागं राहायला हवं होतं. मी राहिलो.