दत्तारामाचा सुधीर, तळमजला, घोडपदेव

शेजारच्या टेबलावरून फोन केला तरी सुधीर कोचरेकर म्हणतात, "घोडपदेव, तळमजला, दत्तारामाचा सुधीर बोलतोय." आमच्या फोनवर त्यांचं नाव दिसत असतं. त्याने काही फरक पडत नाही.

परळला एका बंद गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस आहे. घरपोच सामान देणाऱ्या ॲपचं काम. दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची, याचा आराखडा कोचरेकर लिहितात. त्यावरून पुढचा कोड आपोआप तयार होतो. आराखड्यात ठरावीक शब्दांच्या याद्या असतात. ऑर्डरच्या यादीत 'रद्द', पेमेंटच्या यादीतही 'रद्द'. अडचण अशी, की तयार कोडमध्ये हे शब्द आपापल्या यादीत राहत नाहीत, सामाईक जागेत येतात. "खोली सोडून गॅलरीत," कोचरेकर म्हणतात. म्हणून ते प्रत्येक शब्दाआधी यादीचं नाव लावतात: ऑर्डर_रद्द, पेमेंट_रद्द. त्यांच्या जेवणाच्या डब्यावरही 'सुधीर_डबा_भाकरी' अशी चिठ्ठी असते. भाजीच्या डब्यावर वेगळी.

आमची टीम लीड ऋजुता वयाने त्यांच्या निम्मी. तिने ही लांबलचक नावं छाटली. कोड तयार होईना. पडद्यावर एरर: हे नाव आधीच घेतलेलं आहे.

"मग दोघांत मिळून एकच 'रद्द' ठेवू," ती म्हणाली. "अर्थ तोच ना, सर?"

"कुणाचं रद्द, ते कोण सांगणार?"

"संदर्भाने कळतं हो."

"गिरणी संपात आमच्या चाळीतही कळायचं," कोचरेकर म्हणाले. "वाण्याच्या फोनवर निरोप आला, दत्तारामला सांगा, आई गेली. चाळीत दत्ताराम दोन. वाण्याने आमच्या बाबांना सांगितलं. बाबा रडत एसटीत बसले. गावी पोचले, तर आजी अंगणात भात वाळवतेय. वर विचारते, 'संप मिटलो काय रे?'"

ऋजुता हसली.

"आम्हीही हसलो. आमची आजी होती ना. वरच्या मजल्यावरच्या दत्तारामचं गाव दुसरं. त्याला कळेपर्यंत त्याच्या आईचे दिवस होऊन गेले होते."

ऋजुताने जुनी नावं परत लावली.

जेवणाच्या सुट्टीत कोचरेकरांनी करी रोडला फोन लावला. वरच्या मजल्यावरचा तो दत्ताराम आता तिथल्या एका टॉवरमध्ये एकटा राहतो. हा फोन रोजचा.

"काका, घोडपदेव, तळमजला, दत्तारामाचा सुधीर. सगळं ठीक आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, निरोप काही नाही," ते म्हणाले. "असाच केला. जेवलात?"