पांढऱ्या अंगठीचा तपास

माकणी ते उमरगा या टापूत गुन्हेगार जरा घाबरून असतात, त्याला कारण मी. नाव गुरुप्रसाद. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होताच गुप्तहेर झालो. गुप्त इतका, की गावात ही गोष्ट अजून फारशी कुणाला माहीत नाही. निरीक्षणशक्ती उपजतच. सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी सोन्याची नसून नुसत्या मुलाम्याची आहे, हे मी मांडवातच एका नजरेत ओळखलं होतं. गेली तीस वर्षं ते मी बायकोला, अनसूयेला, न चुकता सांगत आलोय. ती ऐकून घेते.

परवा बलभीमरावांच्या घरून बोलावणं आलं. त्यांची नवी सून शिवांजली ओसरीवर रडत होती. तिच्या वडिलांनी, तेरखेड्याच्या बजरंगरावांनी, लग्नात तिला सोन्याची अंगठी घातली होती. ती चांदीसारखी पांढरी पडली होती.

"चांदीवर पाणी चढवून दिलंय, मास्तर," तिच्या सासूबाई तुळजाबाई म्हणाल्या. "फटाक्याच्या गावानं फुसका बार दिला. उद्या हिला माहेरी धाडते. खरी अंगठी आणली तरच परत यायचं."

"माझे बाबा तसले न्हाईत, सर," शिवांजली म्हणाली. "तुम्हीच काय ते बघा."

मी भिंग काढलं. "धातू चकाकतात, ठोकले की पत्रा होतो, ओढले की तार होते आणि एक अपवाद सोडला तर सगळे घट्ट असतात. अपवादांत मी वेळ घालवत नाही. त्यात सोनं हा राजधातू. हवा, पाणी, साबण, कशालाच दाद देत नाही. म्हणजे सोनं पांढरं पडूच शकत नाही. अंगठी बदललीय, आणि चोर घरातच आहे."

संशयितांना मूलद्रव्यांच्या गटांत बसवायचं, ही माझी स्वतःची पद्धत. धाकटा दीर युवराज अल्क धातूंतला, सोडियमसारखा. दिसायला मऊ, पण पाण्याशी गाठ पडली की पेट घेणारा. आंघोळ झाली का, एवढंच विचारलं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं. पण तो त्याच सकाळी पुण्याहून आला होता, म्हणून सुटला. तुळजाबाई हॅलोजन. दुसऱ्याचं ओढून घेतल्याशिवाय या गटाला चैन पडत नाही, आणि शेजारणीची विळी चार महिने यांच्याकडेच होती. कोपऱ्यात सुपारी कातरणारे बलभीमराव निष्क्रिय वायू. अशांची कुणाशीच अभिक्रिया होत नाही, म्हणून त्यांना काही विचारलं नाही.

"खरी अंगठी तुम्ही लपवलीय," मी तुळजाबाईंना म्हणालो. "सोनं जड. जड वस्तू तळाशी जाते. घरात सगळ्यात खोल तळ ज्वारीच्या कोठीचा."

त्या लाटणं शोधेपर्यंत मी कोठीत काखेपर्यंत हात घातला होता.

"मास्तर, त्यात..." बलभीमराव पुटपुटले.

"तपासात व्यत्यय नको."

पाऊण तास तळ ढवळून हात बाहेर काढला. अंगठी सापडली नाही. उलट माझ्याच बोटातली पांढरी पडली होती.

"चोर अजून आत आहे," मी हळूच म्हणालो. "माझीपण बदलली."

बलभीमरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "ज्वारीला किडीसाठी पारा लावलाय, मास्तर. सोमवारी सूनबाईनंच गोळ्या कुस्करून चोळल्या. अंगठी काढायची राहिली आसंल. पारा सोन्याला धरतो."

पारा. धातू असून पातळ. हा अपवाद मी एकतीस वर्षं फळ्यावर चौकट करून लिहीत होतो आणि विसरणाऱ्याचे गुण कापत होतो.

"मग चार दिवस तोंडात काय धरलं होतं?" तुळजाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"कुणी इचारलं का?"

त्या ज्वारीची भाकरी करायची नाही, हे मी निक्षून सांगितलं. माझं तेवढं एकच विधान त्या दिवशी टिकलं. मग सगळे उमरग्याला महालिंगप्पा सोनारांकडे गेलो. त्यांनी दोन्ही अंगठ्या कसोटीवर घासल्या. "दोन्ही अस्सल. पारा वरच बसलाय, काढून देतो."

तुळजाबाईंनी दुकानातूनच तेरखेड्याला फोन लावला. "बजरंगभाऊ, माझं चुकलं. तुमचं सोनं खरं हाय, पोरगी बी." शिवांजली पुन्हा रडली, पण या वेळी तिचं रडणं ऐकायला मला बरं वाटलं.

घरी येऊन मी अनसूयेला माझ्या विजयाची हकीकत रंगवून सांगितली. तिनं सगळी शांतपणे ऐकली.

"सोनार काय म्हणाले? दोन्ही?"

"अस्सल," मी म्हणालो, आणि मग माझ्या लक्षात आलं.

तिनं माझा फोन उचलून नंबर लावला. सासरे नव्वदीला टेकलेत, पण कान तिखट आहेत.

"बाबा," ती म्हणाली, "ह्यांना तुमच्याशी बोलायचंय. तीस वर्षं राहून गेलंय."